आधी आपली पाळत थांबवा

वाचकाचं पत्र

गेल्या वर्षभरात मी माझा जवळजवळ सगळा डिजिटल कारभार मुक्त सॉफ्टवेअरवर आणला. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट, फोनमध्ये एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या भांडारातली ॲप्स, आणि राउटरशेजारी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर जाहिराती अडवणारं पाय-होल आणि घरातली उपकरणं चालवणारं होम असिस्टंट. मी खूश आहे. मग घरच्यांकडे वळलो आणि तिथे सगळं बिनसलं.

बायको बाहेरगावी गेली होती तेव्हा तिच्या जुन्या लॅपटॉपवर मी मिंट टाकलं. विंडोज १० चे अपडेट बंद झाले होते आणि त्या मशीनवर ११ चालत नाही. तिच्या सगळ्या फायली जपून ठेवल्या होत्या, तरी ती माझ्याशी बोलेनाशी झाली. आता ऑफिसचं काम ती मुलीच्या लॅपटॉपवर करते. स्मार्ट स्पीकर काढून टाकला, तर वडील विचारतात की आता बातम्या कोण लावणार. दिवे मोबाइलवरून चालतात, ते त्यांना जमत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला म्हटलं, व्हॉट्सॲप सोड आणि सिग्नलवर ये, तर म्हणाली, ‘बाबा, तिथे कोणीच नाही.’ पाय-होलमध्ये मला दिसलं की ती रात्री दीडपर्यंत जागी असते. ते बोलून दाखवलं, तर तेव्हापासून ती घरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटा वापरते.

सगळ्यांचं एकच पालुपद: आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? त्यातच धाकट्या भावाने दारावर लावायला कॅमेरा सुचवायला सांगितलाय. त्याला काय सांगू? आणि मुख्य प्रश्न हा, की घरच्यांना या सगळ्याचं महत्त्व पटवून कसं देऊ?

— एकटा पडलेला

उत्तर

पटवून देण्याचं नंतर बघू. तुमच्या पत्रातलं मुलीबद्दलचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही ते ओघात लिहून गेलात, पण माझ्या मते सगळा गुंता तिथेच आहे.

पाय-होल काय करतं हे तुम्हाला माहीत आहे, पण बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. घरातला फोन, टीव्ही किंवा लॅपटॉप कुठल्याही संकेतस्थळाकडे जाण्याआधी त्या नावाचा पत्ता विचारतो. ही विचारणा म्हणजे डीएनएस. पाय-होल ती विचारणा स्वतःकडे घेतं. जाहिरातींची आणि माग काढणाऱ्यांची जी नावं त्याच्या यादीत असतात त्यांचा पत्ता ते देत नाही, बाकीच्यांचा देतं. काम चोख आहे. पण मूळ मांडणीत ते प्रत्येक विचारणेची नोंदही ठेवतं: कोणत्या यंत्राने, किती वाजता, कुठलं नाव विचारलं. ती नोंद उघडायचा पासवर्ड घरात एकाच माणसाकडे असतो, आणि तो माणूस तुम्ही आहात.

आता मुलीच्या जागेवरून बघा. आधी तिची माहिती कुठल्यातरी दूरच्या कंपनीकडे जात होती. ती कंपनी जेवताना तिच्यासमोर बसत नव्हती आणि ‘दीड वाजेपर्यंत काय करत होतीस?’ असं विचारत नव्हती. तुम्ही विचारलंत. त्यावर तिने जे केलं, ते खरं तर तुम्हीच तिला शिकवू पाहत होता: आपल्यावर नजर आहे हे कळल्यावर तिने त्या जाळ्यातून स्वतःला बाहेर काढलं. तिला विषय कळत नाही असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, घरात तो सगळ्यांत नीट तिलाच कळलाय.

म्हणून पहिलं काम आजच करा. पाय-होलच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या चार पातळ्या आहेत. पहिलीत सगळं दिसतं. दुसरीत नावं लपतात, तिसरीत नावांबरोबर यंत्रंही लपतात, आणि चौथीत फक्त निनावी आकडे उरतात. चौथी निवडा आणि आधीच्या नोंदी पुसून टाका. अडवण्याचं काम पूर्वीसारखंच चालू राहील, तुमची नजर तेवढी जाईल. एखादं संकेतस्थळ अडलं तर कारण शोधायला नोंद लागते, हे मला मान्य आहे. तेव्हा ज्याचं अडलंय त्याला विचारून थोडा वेळ ती चालू करा आणि काम झालं की परत बंद करा.

होम असिस्टंटचंही तेच. दार कधी उघडलं, कुठल्या खोलीत दिवा लागला, कोणाचा फोन घराच्या वायफायवर कधी आला, हे सगळं त्याच्या इतिहासात जमा होतं आणि मूळ मांडणीत १० दिवस राहतं. तापमान, विजेचा वापर असल्या गोष्टींचा इतिहास कामाचा आहे, तो ठेवा. माणसांच्या येण्याजाण्याचा ठेवू नका. कुठल्या गोष्टींची नोंद करायची आणि कुठल्या वगळायच्या, हे त्यात ठरवता येतं.

हे झालं की मुलीला सांगा. काय दिसत होतं, आता काय दिसत नाही, ते तिला स्क्रीनवर दाखवा. हवं तर तो पासवर्ड तिलाही द्या. तिच्या झोपेची काळजी असेल तर ती वडील म्हणून बोला, हातात नोंदवही न धरता. या दोन गोष्टी एकत्र केल्या की मुलं दोन्हीपासून लांब जातात.

आता तुमच्या पत्नीचा लॅपटॉप. तुमचं कारण खोटं नव्हतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगली चालणारी कितीतरी मशिनं मागे राहिली. अशा मशीनला लिनक्स मिंट हा उत्तम पर्याय आहे, यात मला शंका नाही. पण मुक्त सॉफ्टवेअरचा पायाच हा आहे की आपल्या यंत्रात काय चालावं हे वापरणाऱ्याने ठरवायचं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून ही सगळी चळवळ त्याच मुद्द्यावर उभी आहे. कार्यक्रम हवा तसा चालवण्याचं, तो आतून पाहण्याचं, बदलण्याचं आणि दुसऱ्याला देण्याचं स्वातंत्र्य वापरणाऱ्याचं असतं. तुमच्या घरात त्या लॅपटॉपचा वापरणारा कोण होता? तिला न विचारता, ती नसताना तुम्ही तो बदललात. फायली जपल्या हे चांगलं केलंत, पण फायली म्हणजे तिचं काम नव्हे. कुठलं बटण कुठे आहे, कुठला शॉर्टकट बोटांत बसलाय, कुठली फाइल कशाने उघडते, हे सगळं मिळून तिचं काम होतं, आणि ते एका रात्रीत गेलं.

तिची माफी मागा. त्या माफीला ‘पण सुरक्षेसाठी ते गरजेचं होतं’ असं शेपूट जोडू नका. मग विचारा की तुला काय हवंय. ती विंडोज परत मागेल, तर परत बसवून द्या. त्या मशीनला वाढीव सुरक्षा अपडेट मिळू शकतात का ते बघा, आणि ते किती काळ मिळतील हे तिला खरं खरं सांगा. मिंटही ठेवायचं असेल तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येतात, सुरू करताना हवं ते निवडायचं. त्यासाठी डिस्कवर जागा हवी आणि आधी पूर्ण बॅकअप हवा.

पुढे तिने कधी स्वतःहून इच्छा दाखवली, तर क्रम उलटा करा. बहुतेक हौशी मदतनीस आधी ऑपरेटिंग सिस्टिम बदलतात आणि मग ॲप्स शोधत बसतात. त्यामुळे माणसाला एकाच दिवशी सगळंच परकं वाटतं. फायरफॉक्स ब्राउझर, ईमेलसाठी थंडरबर्ड, कागदपत्रं आणि तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस, व्हिडिओसाठी व्हीएलसी, पासवर्डच्या तिजोरीसाठी कीपासएक्ससी हे सगळं विंडोजवरही चालतं. आधी तिथेच एक बदला. ब्राउझरपासून सुरुवात केलेली बरी: फायरफॉक्स टाकायचा, जुने बुकमार्क आणि पासवर्ड त्यात आणायचे आणि जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन जोडायचं. पान उघडल्यावर जाहिराती नाहीत, व्हिडिओ आपोआप वाजत नाहीत, पान पटकन येतं, हा फायदा कोणालाही न सांगता दिसतो. काही महिन्यांनी तिच्या रोजच्या वापरातलं सगळं मुक्त झालेलं असेल, तेव्हा खालची सिस्टिम बदलणं ही किरकोळ गोष्ट ठरते. त्याही वेळी आधी यूएसबीवरून मिंट चालवून दाखवा. वायफाय चालतंय का, प्रिंटर छापतोय का, व्हिडिओ कॉलमध्ये माइक चालतोय का, लॅपटॉप मिटून उघडला की जागा होतोय का, हे डिस्कवर काहीही न बसवता तपासता येतं.

लिब्रेऑफिसबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण ऑफिसचं काम इथेच अडतं आणि मदत करणारे ‘सगळं उघडतं’ असं ठोकून सांगतात. साधी पत्रं, साधे तक्ते खरंच नीट उघडतात. पण तिच्या ऑफिसातून आलेल्या एक्सेल फायलींत मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणारे छोटे कार्यक्रम, असतील, तर त्यातले काही चालतील आणि काही चालणार नाहीत. वर्डच्या फायलीत ओळी खालीवर झाल्या, तर पुष्कळदा दोष फॉन्टचा असतो. मिंटवर कॅलिब्री आणि कँब्रिया नसतात. त्यांच्या जागी कार्लिटो आणि कॅलॅडिया टाकले तर अक्षरांची रुंदी तंतोतंत तीच राहते आणि पान जागच्या जागी बसतं. सेव्ह करताना प्रत्येक वेळी प्रश्न विचारला जाऊ नये म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन नेहमीचा प्रकार वर्डचा डीओसीएक्स आणि एक्सेलचा एक्सएलएसएक्स करून ठेवा. ओडीएफ हे लिब्रेऑफिसच्या फायलींचं खुलं मानक मलाही आवडतं, पण तुमच्या तत्त्वासाठी तिने साहेबांना न उघडणाऱ्या फायली पाठवाव्यात हा न्याय नाही. आणि तिचं काम मॅक्रोंवरच चालत असेल तर सरळ म्हणा, ‘तुझ्या कामाला एक्सेलच ठेव.’ एका जागी तुम्ही असं खरं बोललात की बाकीच्या दहा सूचनांवर ती विश्वास ठेवेल.

ती मराठीत टाइप करत असेल तर तेही आधी पाहा. मिंटमध्ये इन्स्क्रिप्ट आहेच, आणि इंग्रजी स्पेलिंगसारखं टाइप करण्याची सवय असेल तर आयबस या टायपिंगच्या सोयीतून फोनेटिक पद्धत जोडता येते. फक्त तिच्या बोटांना सवय असलेली मांडणी आणि तुम्ही बसवलेली मांडणी यांत एखाद्या जोडाक्षराचा फरक असला, तरी दिवसभर चिडचिड होते. तेव्हा ‘ज्ञ’, ‘र्‍या’, ‘ॲ’ हे तिच्याकडूनच टाइप करून बघा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फायली असतील तर त्या तो फॉन्ट टाकल्याशिवाय अगम्यच दिसणार. त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. हे काम किचकट आहे, पण तिच्या जुन्या फायली पुढची कितीही वर्षं कुठल्याही मशीनवर वाचता येतील, आणि हे तुम्ही तिच्यासाठी केलेलं असेल.

वडिलांचं दुखणं वेगळं आहे. त्यांना स्पीकरची कंपनी प्रिय नाही, बोललं की बातम्या लागतात ही सोय प्रिय आहे. स्पीकर काढण्यामागचं तुमचं कारण मला पटतं. माणसांनी या सहायकांची रेकॉर्डिंग ऐकल्याच्या बातम्या २०१९ मध्ये एकापाठोपाठ एक आल्या होत्या. आणि आवाज कंपनीच्या सर्व्हरकडे न पाठवता घरातच प्रक्रिया करण्याची जी सोय ॲमेझॉनच्या काही एको यंत्रांवर होती, ती कंपनीने मार्च २०२५ मध्ये बंद केली. पण स्पीकर नेला आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही, तर वडिलांच्या हिशेबात ती निव्वळ वजाबाकी आहे. होम असिस्टंटमध्ये घरातल्या घरात चालणारा आवाजी सहायक आहे, मात्र मराठी बोलण्यावर त्याने वडिलांचं समाधान होईल असं मी आत्ता छातीठोकपणे सांगणार नाही. त्यापेक्षा त्यांच्या खुर्चीजवळ एक झिगबी (होम असिस्टंटशी बिनतारी बोलणारं) बटण चिकटवा. एकदा दाबलं की बातम्या, परत दाबलं की बंद. बोलण्यापेक्षा ते त्यांना सोपं जाईल, शिवाय इंटरनेटवरचं खातं लागत नाही.

दिव्यांची अडचण तुम्ही स्वतः ओढवून घेतली आहे, आणि स्मार्ट घरं करणारे जवळपास सगळेच ती ओढवून घेतात. स्मार्ट बल्ब लावला की भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. कोणी सवयीने ते बंद केलं की बल्बची वीज जाते आणि मोबाइलवरून कितीही दाबलं तरी तो लागत नाही. मग घरात सूचना निघते की बटणांना हात लावायचा नाही. ज्यांनी जन्मभर भिंतीवरचं बटण दाबून दिवा लावला त्यांना अंधारात फोन शोधायला लावणं ही प्रगती नाही. बल्ब साधेच ठेवा आणि बटणाच्या मागे, भिंतीतल्या डब्यात बसणारा रिले, म्हणजे दूरवरूनही चालू-बंद करता येणारा छोटा स्विच, लावा. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, कारण काही रिलेंना न्यूट्रलची तार लागते आणि ती प्रत्येक डब्यात असतेच असं नाही. मग वडील भिंतीवरून लावतील, तुम्ही मोबाइलवरून लावा, आणि रास्पबेरी पाय बंद पडला तरी दिवा लागेल. माझ्या मते घरातल्या कुठल्याही स्वयंचलित गोष्टीला हीच कसोटी लावावी: इंटरनेट गेलं, तुमचा छोटा संगणक बंद पडला आणि तुम्ही गावाला गेलात, तरी घर पूर्वीइतकं तरी चालायला हवं.

‘लपवण्यासारखं काय आहे’ या वाक्याशी वाद घालू नका. त्या वादात कोणी जिंकल्याचं मी पाहिलेलं नाही. समोरच्याला वाटतं की तुम्ही त्याच्यावर संशय घेताय, आणि तुम्हाला वाटतं की तो डोळे मिटून बसलाय. त्याऐवजी वडिलांशेजारी बसून टीव्हीची सेटिंग्ज उघडा. बऱ्याच स्मार्ट टीव्हींत पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीला कळवणारी सोय असते. सॅमसंगवर तिचं नाव ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीवर ‘लाइव्ह प्लस’. अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवरून प्रेक्षक काय बघतात याची सेकंदासेकंदाची माहिती त्यांना न विचारता गोळा केली, असा आरोप सरकारी व्यापार आयोगाने ठेवला होता. २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून कंपनीने ते प्रकरण मिटवलं. हे एवढंच सांगा आणि रिमोट त्यांच्या हातात द्या. बंद करायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. स्वतःच्या हाताने एक पर्याय बंद केला की माणूस पुढचा प्रश्न आपणहून विचारतो. समजा त्यांनी बंद केलं नाही, तर विषय तिथेच थांबवा.

गोपनीयतेपेक्षा टिकाऊपणाचा मुद्दा लोकांना लवकर पटतो, असा माझा अनुभव आहे. रिव्हॉल्व्ह नावाचं घरातली उपकरणं जोडणारं एक यंत्र होतं. ती कंपनी नेस्टने २०१४ मध्ये विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केले. लोकांनी पैसे मोजून घेतलेली, काहीही बिघाड नसलेली यंत्रं त्या दिवशी निकामी झाली. इन्स्टिऑनच्या ग्राहकांनी एप्रिल २०२२ मध्ये तेच अनुभवलं. कंपनीचे सर्व्हर न सांगता बंद पडले, आणि ज्यांनी आपली उपकरणं आधीच होम असिस्टंटसारख्या घरातच चालणाऱ्या व्यवस्थेला जोडली होती त्यांचे दिवे लागत राहिले. ‘कंपनी बुडाली तरी हे चालेल’ हे वाक्य तुमच्या वडिलांना ‘कंपनी आपल्यावर पाळत ठेवते’ यापेक्षा जास्त भिडेल. नवं काही घेताना त्यांच्यासोबत तेवढंच तपासा: कंपनीचं खातं न उघडता हे घरात चालतं का? झिगबी, झेड-वेव्ह किंवा मॅटर या जोडणीच्या पद्धतींवर चालणाऱ्या उपकरणांना होम असिस्टंटमधून सहसा खातं लागत नाही. वायफायवर चालणाऱ्यांचं मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं.

मुलगी म्हणते सिग्नलवर कोणीच नाही, ते बरोबर आहे. तिचा वर्ग, तिची शिकवणी, तिच्या मैत्रिणी जिथे आहेत तिथेच तिला राहावं लागणार. शिवाय व्हॉट्सॲपबद्दल तिला घाबरवताना खरं तेवढंच सांगा. व्हॉट्सॲपवरचे संदेश २०१६ पासून सिग्नलच्याच प्रणालीने कुलूपबंद होतात, मधल्या कोणाला ते वाचता येत नाहीत. उघडं राहतं ते बाहेरचं: कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोलतं आणि फोनमध्ये कोणाकोणाचे नंबर आहेत. सिग्नलने ही बाहेरची माहितीही जवळपास ठेवायचीच नाही असं ठरवलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयीन आदेशाला उत्तर देताना त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी निघाल्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. फरक एवढाच आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पण त्यासाठी मुलीला मैत्रिणी सोडायला सांगू नका. व्हॉट्सॲपमध्ये बॅकअपला कुलूप लावायची सोय आहे, मूळ मांडणीत ती बंद असते. ती चालू कशी करायची ते तिला दाखवा, आणि तो पासवर्ड विसरला तर बॅकअप गेला हेही सांगा. मग घरातल्या चौघांचा एक गट सिग्नलवर काढून त्यात घरचे फोटो आणि निरोप टाकत जा. आपोआप पुसले जाणारे संदेश त्यात आहेत हे कळल्यावर मुलगी कदाचित तुमच्याआधी तो गट वापरू लागेल. फोन बदलला किंवा हरवला तर सिग्नलवरचे जुने संदेश आपोआप परत येतील असं मात्र धरून चालू नका. बॅकअपचा पर्याय बघून ठेवा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही, पण तुमचा उत्साह पाहता पुढची पायरी फोटोंची असणार. इमिच किंवा नेक्स्टक्लाउड असं फोटो साठवणारं मुक्त सॉफ्टवेअर घरात बसवून सगळ्यांचे फोटो कंपनीच्या क्लाउडमधून काढावेत, असं मनात असेल. थांबा. ब्राउझर चुकला तर दुसरा टाकता येतो, पण फोटो गेले की गेले. आणि ज्या रास्पबेरी पायवर तुमचं सगळं चाललंय तो मेमरी कार्डावर चालत असेल, तर सततच्या लिहिण्याने ते कार्ड एक दिवस दगा देणार. आधी तिथे एसएसडी, म्हणजे जास्त टिकणारी डिस्क, लावा. फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर, एवढं झाल्याशिवाय कोणाचा फोटो हलवू नका. दोन यंत्रांवरच्या फायली एकसारख्या ठेवणाऱ्या सिंकथिंगला बॅकअप समजू नका, एका ठिकाणी पुसलेला फोटो ते दुसरीकडेही इमानाने पुसतं. आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं असंही नाही. तो एकदा रिकाम्या डिस्कवर परत उतरवून फोटो उघडून बघा. हे सगळं जमेपर्यंत घरच्यांचे फोटो आहेत तिथेच असू द्यात. फार तर त्यांची एक प्रत तुमच्याकडे घ्या.

आणि एक कागद लिहा, हाताने किंवा छापून. घरातल्या सगळ्या यंत्रणा आज तुमच्या डोक्यात आहेत. तुम्ही आजारी पडलात तर वायफाय कसं चालू ठेवायचं हे घरात कोणालाच माहीत नाही. त्या कागदावर राउटरचा पासवर्ड लिहा, आणि पाय-होल बंद पडला तर राउटरमध्ये कुठे जाऊन डीएनएस पूर्ववत करायचा ते पायरीपायरीने लिहा. होम असिस्टंटचा बॅकअप कुठे आहे आणि तो उघडायची किल्ली कोणती, पासवर्डची तिजोरी कशी उघडायची, हेही. मग पत्नीला किंवा मुलीला तो कागद देऊन तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा आणि त्यांना डीएनएस बदलून बघू दे. जिथे त्या अडतील तिथे कागद दुरुस्त करा. बायकोच्या लॅपटॉपसाठी पाय-होलमध्ये वेगळा गट करून तिला अडवणुकीतून पूर्ण वगळता येतं, आणि कोणाची पैसे भरण्याची पानं अडली तर पाच मिनिटं सगळं थांबवता येतं. होम असिस्टंटमध्ये त्यासाठी एक बटण करून सगळ्यांच्या फोनवर द्या, म्हणजे त्यांना तुमच्याकडे परवानगी मागायला यावं लागणार नाही. यूट्यूबवरच्या जाहिराती यातून थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच पत्त्यांवरून येतात. तसं कबूल करून बसला असाल तर आत्ताच खुलासा करा.

आता भावाचा कॅमेरा. इथे मात्र कोणीतरी तुम्हाला स्वतःहून विचारलंय, तेव्हा मनापासून मदत करा. क्लाउडवर चित्रण पाठवणारा कॅमेरा नको हे त्याला सांगायला कारण भक्कम आहे: २०२३ मध्ये ॲमेझॉनच्या रिंग कंपनीवर अमेरिकी व्यापार आयोगाने आरोप ठेवले होते की कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांना ग्राहकांची खासगी चित्रणं बघता येत होती, आणि ५८ लाख डॉलरवर ते मिटलं. त्याला आरटीएसपी आणि ओएनव्हीआयएफ (दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरलाही चित्रण देणारी मानकं) चालणारा कॅमेरा घ्यायला सांगा, जमलं तर तारेने नेटवर्कला जोडणारा. चित्रण घरातल्याच एका छोट्या संगणकावर फ्रिगेट या मुक्त सॉफ्टवेअरने साठवता येतं. माणूस आला की गाडी गेली, हेही ते घरातच ओळखतं. कॅमेऱ्याचं इंटरनेट राउटरवरून बंद करा. बाहेरून बघायचं असेल तर वायरगार्ड या व्हीपीएनने, म्हणजे कुलूपबंद वाटेने, घराच्या जाळ्यात शिरून बघता येईल.

पण विकत घेण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारा. पहिली, ही व्यवस्था बिघडली तर तो कोणाला फोन करणार? उत्तर ‘दादाला’ असेल, तर तुम्ही पुढची काही वर्षं ते निस्तरायला तयार आहात का, हे आधी स्वतःशी ठरवा. तयार नसाल तर मेमरी कार्डावर चित्रण ठेवणारा साधा कॅमेरा त्याच्यासाठी जास्त योग्य आहे, आणि तसं सांगण्यात कमीपणा नाही. दुसरी, कॅमेऱ्यात शेजाऱ्यांचं दार येतंय का? येत असेल तर तो भाग बऱ्याच कॅमेऱ्यांच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये काळा करता येतो. पण कॅमेऱ्याचं तोंडच वळवता आलं तर ते आधी करा, आणि बसवण्यापूर्वी भावाला शेजाऱ्यांशी बोलून यायला सांगा.